उपासाचं मीठ

माझ्या घराची किल्ली तेव्हा माझ्याजवळ नव्हती. मुलाच्या फ्लॅटमध्ये, चपलांच्या कपाटावरच्या खिळ्याला ती टांगलेली होती. लांब दांड्याची, जुनी, लाल गोफ बांधलेली. नातीच्या खोलीतल्या पलंगावर मी बसले आणि दार उघडं असलं, की ती बरोबर नजरेपुढे यायची. बाहेरचं दार कोणी जोरात लावलं की डुलायची, आणि मला उगीच वाटायचं, मलाच खुणावते आहे.

हात लांबवला असता तर निघाली असती. पुढचंही मला सगळं येत होतं. जिना उतरायचा, ऑटोने यवतमाळचा बसस्टँड, दारव्ह्याची एसटी, बोरी अरबला उतरायचं आणि तिथून आमच्या गावाकडे जाणारा मिळेल तो ऑटो. पण सुनेने अट घातली होती. "लागोपाठ दोन तपासण्या चांगल्या येऊ द्या, आई. मग किल्ली तुमची. मी स्वतः सोडून येईन."

आणि नाही आल्या तर? ते सून बोलली नाही, मुलगा बोलला. गावच्या शाळेत बदलून आलेले एक गुरुजी आमचं घर भाड्याने मागत होते. शाळा उघडायच्या आत त्यांना जागा हवी होती. "बंद घर खराबच होते नं आई," मुलगा म्हणाला, "वाळवी लागते. तू इथं आहेस तोवर राहतील बिचारे." तू इथं आहेस तोवर. म्हणजे मी मरेपर्यंत, हे त्याने अगदी गोड शब्दांत सांगितलं. बँकेत नोकरी करून करून त्याला तसं बोलता येतं.

मला काय झालं होतं ते सांगते. चैत्रात जावेच्या अंगणात पापड लाटत होते. लाटता लाटता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी वाळत घातलेल्या पापडांवरच आडवी झाले. जाऊ आजही ही गोष्ट सांगते तेव्हा आधी किती पापड मोडले ते सांगते, मग माझं सांगते. तिनेच मुलाला फोन केला. यवतमाळला आणलं, सुनेने दंडाला पट्टा बांधला, मशीनकडे पाहिलं, परत बांधला, परत पाहिलं, आणि तिसऱ्यांदा बांधला. डॉक्टरने तीनदा मोजलं की समजावं. रक्त घेतलं, लघवी घेतली. बीपी वाढलेलं, आणि किडन्या थकायला लागलेल्या. कधीपासून, ते कोणालाच सांगता येईना, कारण मी आयुष्यात कधी मोजूनच घेतलं नव्हतं.

आता यातली गंमत पाहा. माझी सून साधी डॉक्टर नाही. ती मेडिकल कॉलेजात शिकवते आणि संशोधन करते. कशावर? तर बीपी आणि किडनीवर. परदेशातल्या मासिकांत तिचं छापून येतं. म्हणजे सून ज्या रोगावर लिहिते, नेमका तोच रोग सासूने घरात आणून ठेवला.

मागे वळून पाहिलं की त्या बाईचं मला भारी हसू येतं, त्या बाईचं म्हणजे माझंच, मुलाचं लग्न ठरवत होते तेव्हाच्या माझं. केस काळे होते, नाक वर होतं. मध्यस्थाला ठणकावून सांगितलं होतं, "पोरगी डॉक्टरच पाह्यजे. दुसरी आणू नका." कारण विचाराल तर दवाखान्यात रांगेत बसावं लागू नये. शिवाय डोळ्यांपुढे एक चित्र होतं: मी खाटेवर रेललेली आहे, सून गळ्यात ती नळी घालून शेजारी बसली आहे, माझा हात हातात घेऊन म्हणते आहे, "आई, तुम्ही नुसता आराम करा." चित्र तंतोतंत खरं झालं. रोज सकाळी, रोज संध्याकाळी ती माझा हात हातात घेत होती आणि तेच वाक्य म्हणत होती. त्या बाईला कोणीतरी तेव्हाच सांगायला हवं होतं, बाई, मागतेस ते जरा जपून माग.

नात नागपूरला शिकायला गेलेली, म्हणून मला तिची खोली. खोलीला एकच खिडकी, आणि उन्हाळा असल्यामुळे त्या खिडकीत कूलर बसवलेला. त्याचं गवत, त्याचा पंखा, त्याचं पाणी. बाहेरचं काही म्हणून दिसत नसे. दिवस आहे की कलला, हे मी गवतातून येणाऱ्या उजेडावरून ओळखायची. सकाळी सून आणि मुलगा कामावर गेले की बाहेरचं दार आपोआप लागायचं. आतून उघडता येई, पण उघडून पाहिलं तर समोर आणखी एक तसंच बंद दार. दिवसभर कूलर घरघरायचा. तो बंद केला तर उकाड्याने जीव जायचा, चालू ठेवला तर डोकं उठायचं.

आणि जेवण! आमच्या घरात भाकरीशेजारी, ताटाच्या कडेला चिमूटभर मीठ वाढायची रीत. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिली परीक्षा घेतली ती वांग्याच्या भाजीची. एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "मिठाचं काय दुकान जळालं का व?" झालं. त्या दिवसापासून त्या नव्या नवरीने ठरवलं की आपल्या हाताला कोणी अळणी म्हणायचं नाही. जो भेटेल त्याला ती खारट भाजी घालायची आणि कौतुकाची वाट पाहत पदराशी चाळा करत उभी राहायची. लोक पाण्याचे तांबेच्या तांबे रिचवायचे आणि हिला वाटायचं, भाजी आवडली. जाऊ तेवढी खमकी. ती म्हणायची, "तुही भाजी खाल्ली का मले विहिरीवर जाऊन बसाव वाटते."

आमचे हे गेले तेव्हा त्यांना बीपी होतं की नव्हतं, हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. सकाळी शेतात चांगले बोलत होते आणि दुपारी बोलेनासे झाले. सून तेव्हा घरात नवी होती. तिने मला फक्त एवढंच विचारलं होतं, "बाबांचं कधी मोजलं होतं का?" कोणी मोजणार? घरात मोजायची वस्तू म्हणजे कापसाचा काटा. त्यानंतर तिने हाच विषय धरला. त्याबद्दल ती बोलत नाही आणि मीही विचारत नाही.

ती तिची माणसं घेऊन आमच्या गावात आली होती, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आमच्याच अंगणात टेबल मांडलं. बायका-माणसांचे दंड मोजले, लघवीच्या बाटल्या भरून घेतल्या, घरी काय शिजतं, किती मीठ लागतं, सगळं विचारलं. मी काय केलं? मी पदर खोचून सगळ्यांना रांगेत बसवत होते. चहा देत होते. "अवं, बाटली अशी धर. लाजतं कायले?" असं साऱ्या गावाला शिकवत होते. एकीने विचारलं, "अन तुमचं मोजलं का, बाई?" तर मी मोठ्याने हसले. म्हणाले, "मले कायले बीपी? मी डॉक्टरची सासू हाव!" जसं काही सून घरात आली की रोग परसदाराने पळून जातो.

नंतर ते सगळं छापून आलं. मुलाने रंगीत प्रत काढून आणली. मी ती प्लास्टिकच्या पिशवीत घातली, हळदकुंकू लावलं आणि देवाऱ्यात ठेवली. घरी बायका आल्या की काढून दाखवायची. "आपल्या गावाचं छापलं यात. फॉरेनमधी." बायका डोळे विस्फारून पाहायच्या. कोणी विचारलं, "काय लिवलं व त्याच्यात?" तर मी सांगायची, "किडनीवर लिवलं." "किडनीवर काय?" "सारंच." मला इंग्रजी अक्षर येत नाही, आणि सुनेला विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. ज्याची पूजा करायची ते वाचायचं असतं, असं कोणी सांगितलं होतं?

तर ते पान मी फ्लॅटमध्येही सोबत आणलं होतं. नातीच्या खोलीतल्या पुस्तकांच्या फळीवर माझे देव मांडले, देवांखाली ते पान ठेवलं.

सुनेने मला चांगलं समजावून सांगितलं होतं, हे मी कबूल करते. "आई, रक्ताचा दाब वाढला की किडनीतल्या बारीक नळ्या खराब होतात. किडनी खराब झाली की ती दाब आणखी वाढवते. मग दाब किडनीला आणखी खराब करतो."

मी म्हटलं, "म्हणजे दोन वावरांमधल्या धुऱ्याचं भांडण. यानं नांगराचं एक तास घेतलं की त्यानं दोन घेतले. अन मधात वावर संपते."

ती हसली. "बरोबर तसंच. आणि त्या भांडणात तेल ओततं ते मीठ. म्हणून मीठ बंद. पापड, लोणचं, फरसाण बंद. तुमची भाजी मी वेगळी काढीन."

मी मान्य केलं. किल्लीसाठी मी काहीही मान्य केलं असतं. खरंच सांगते, त्या दिवसापासून मिठाच्या डब्याला मी बोट लावलं नाही. अळणी वरण, अळणी भाजी. घास तोंडात फिरायचा आणि जायची वाट विचारत राहायचा.

अशात पहिला सोमवार आला.

सोमवार माझा लग्नाआधीपासूनचा. उपासाचं आमचं सगळं वेगळं असतं. भांडं वेगळं, पळी वेगळी, आणि मीठही वेगळं, सैंधव. साधं मीठ उपासाला चालत नाही, म्हणून हे. त्याची पुडी माझ्या देवांपाशीच असते, त्या भांड्याला घरातलं दुसरं कोणी शिवत नाही. सुनेला माझं भांडं वेगळं असतं एवढंच माहीत होतं, आणि ती माझ्या नेमाचा मान ठेवायची. "खाऊन मात्र राहा, आई, उपाशी राहू नका," एवढंच म्हणायची. मी भगर शिजवली, दाण्याची आमटी केली, सैंधव टाकलं. पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. जीव होता हो त्यात!

आता तुम्ही म्हणाल, म्हातारीने चलाखी केली. नाही. इथेच तर खरी मजा आहे. मला शंकासुद्धा आली नाही. मीठ उपासाला चालत नाही आणि हे उपासाला चालतं, म्हणजे हे मीठ नाही. इतकं सरळ आहे. हे मीठ असतं तर इतक्या वर्षांचे माझे सगळे सोमवार मोडले नसते का?

मग मला गुरुवारही आठवला. आई गुरुवार करायची, तो आपणही करायला हरकत नाही. मग शनिवार. चतुर्थी आली, एकादशी आली. अळणी दिवस आला की मी देवांकडे पाहायची आणि कुठला तरी देव राहून गेलेला सापडायचाच. मुलगा फोनवर कोणाला तरी सांगत होता, "आईचं मन लागलं आता. देवाधर्माकडं वळली." मी आतून ऐकलं आणि गालात हसत भगरीचा आणखी एक घास घेतला.

पण मशीनला देवधर्म कळत नव्हता. सकाळी पट्टा फुगायचा, दंड आवळायचा, एखाद्या शिपायाने पकडून ठाण्यात न्यावं तसा, आणि आकडा वरच. सून कपाळाला आठी घालायची. एक गोळी वाढली. मग दुसरी. पहिली तपासणी झाली. खराब. गुरुजींचा फोन आला. मुलगा म्हणाला, "या महिन्याखेरीस सांगतो, सर." मला वाटलं ती किल्ली खिळ्यावर गंजून जाईल आणि मी त्या कूलरमागे.

मी काय करू, तेच कळेना. सांगितलं ते सगळं करत होते. अळणी खात होते, गोळ्या घेत होते, चालायचं म्हणून बैठकीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून बैठकीत फेऱ्या मारत होते, घाण्याला जुंपलेल्या बैलासारख्या. सोफा, टीव्ही, फ्रीज, किल्ली. सोफा, टीव्ही, फ्रीज, किल्ली. जावेचा फोन आला की ती गावाचं सांगायची. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या घरी पाहुणे आले. आणि विचारायची, "कवा येतं व?" मी म्हणायची, "सोडून नाई राह्यले." ती म्हणायची, "तू काहून ऐकत नाई त्याइचं?" मला राग यायचा. ऐकतच तर होते!

शेवटी सुनेने एक प्लास्टिकची कॅन आणून माझ्यापुढे ठेवली. दिवसरात्रीची सगळी लघवी त्यात जमा करायची, एक थेंब बाहेर जाऊ द्यायचा नाही. अंगणात साऱ्या गावाला बाटली धरायला शिकवणारी मी, आता माझी पाळी आली तेव्हा न्हाणीघराचं दार लावून तोंड लपवून बसले. "लाजतं कायले?" हे माझंच वाक्य मला त्या फरशीवर ऐकू येत होतं. ती कॅन बादलीमागे झाकून ठेवायची, उचलायची, परत झाकायची. त्या दिवशी मी बैठकीतसुद्धा गेले नाही.

निकाल आला तो रविवारी. सून कागद घेऊन माझ्यासमोर बसली. मुलगा उभा.

"आई, तुमच्या लघवीत खूप मीठ आहे."

"मी मीठ खाल्लंच नाई तं येईन कुठून?"

"कुठून तरी येतंय. शरीर आपोआप मीठ तयार करत नाही."

"देवाशपथ सांगतो. डब्याले हात नाई लावला."

मुलगा म्हणाला, "आई, काकूनं लोणचं तं नाई ना पाठवलं?"

"तुही काकू इथं कवा आलती?"

तो खोलीत गेला. मी पाहत होते. त्याने माझी उशी उचलली, गादीचा कोपरा वर केला, पलंगाखालची ट्रंक ओढली आणि साड्यांमध्ये हात घातला. ज्या पोराच्या दप्तरातून मी चोरलेल्या कैऱ्या काढायची, तो पोरगा माझ्या ट्रंकेत लोणचं शोधत होता. तोंडातून शब्द फुटला असता तर तो रडण्याचा फुटला असता. त्याला काही सापडलं नाही. देवांच्या फळीकडे त्याने पाहिलंच नाही. तिथे कोण कशाला पाहील?

"मंग गुरुजीले हो म्हणून टाकतो," तो म्हणाला. "आपल्याले रिस्क नको."

दुसऱ्या दिवशी सोमवार. सून सुट्टी घेऊन घरी थांबली. पाळतीवर थांबली असं मला वाटलं. मी तिच्याशी बोलत नव्हते. दुपारी भगर घेऊन बसले तर ती माझ्या समोर, खाली फरशीवर येऊन बसली. म्हणाली, "आई, मलापण थोडी द्या ना. सकाळपासून काही खाल्लं नाही."

रागावलेली असले तरी मागणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? मी वाढली. तिने घास घेतला. चावला. थांबली. आमटीचं बोट चाटलं.

"आई, हे खारट आहे."

"मंग? मीठ नाई टाकलं, उपासाचं टाकलं."

मला वाटलं आता चिडेल. ती चिडली नाही. "उपासाचं कुठे ठेवता?" तिने हळूच विचारलं. मी फळीकडे बोट दाखवलं. ती उठली, देवांना नमस्कार केला, सैंधवाची पुडी उचलली, आणि तिच्याखालचं ते प्लास्टिकमधलं पान दिसल्यावर तशीच उभी राहिली. पुडी त्या पानावरच ठेवलेली होती. कुंकवात आणि मिठात माखलेलं तिचं संशोधन.

"हे तुम्ही इथे ठेवलंय?"

"देवापाशीच असते ते. गावालेही तिथंच होतं."

तिने पिशवी उघडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पानं एकमेकांना चिकटली होती, ती जपून सुटी केली. मग माझ्या ताटाशेजारी बसून मधलं एक पान काढलं आणि बोट ठेवून मला मराठीत सांगायला लागली, इंग्रजीत पाहत, अडखळत, शाळेतल्या पोरीसारखी.

"इथे लिहिलंय, आई. काही बायकांनी सांगितलं की आम्ही मीठ सोडलंय. पण त्यांच्या लघवीत मीठ तसंच होतं. आधी आम्हाला वाटलं, चुकीचं सांगतायत. पण त्या खोटं बोलत नव्हत्या. उपवासाचं मीठ त्या मिठात धरत नव्हत्या. जितके उपवास जास्त, तितकं..." ती थांबली. "तितकं मीठ जास्त."

"हे यात हाय?"

"हे यातच आहे. मीच लिहिलं, आणि घरात विचारायचं मलाच सुचलं नाही."

"म्हणजे हे उपासाचं..."

"मीठच आहे, आई. नुसतं रंगाने वेगळं."

मी ताटातल्या भगरीकडे पाहिलं. मग देवांकडे पाहिलं. देव खाली पाहत होते. सात गावांच्या बायकांना मी जे पान मिरवून दाखवलं, त्यात माझंच बिंग फोडून ठेवलेलं होतं, आणि मी त्याला रोज उदबत्ती ओवाळत होते.

"हे तुले कोणं सांगितलं?" मी विचारलं.

सून हसू दाबत होती. "तुमच्या अंगणातच कळलं. काकूंमुळे. त्यांचाच रिपोर्ट जुळत नव्हता, म्हणून मी दिवसभर त्यांच्या चुलीपाशी जाऊन बसले होते."

जाऊ! माझी जाऊ इतकी वर्षं हे जाणून होती. मी तिथेच फोन लावला. "काहून व, उपासाचं मीठ मीठच असते हे तुले माईत होतं?"

"हाव नं. तवापासून मी नाई खात. भाजीतही नाई."

"अन मले कायले नाई सांगितलं?"

"सांगाले आलती मी. तू म्हणे, मी डॉक्टरची सासू हाव, तू मले शिकवतं का?"

असं मी म्हणाले होते का? म्हणालेच असणार. माझ्याच बोलण्यासारखं आहे ते.

संध्याकाळी मुलगा आला तेव्हा सुनेने त्याच्या हातात ते पान दिलं आणि फक्त ती ओळ दाखवली. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्याने ती बोट ठेवून वाचली. मग माझ्या खोलीत आला, आदल्या दिवसापासून बाहेरच पडलेली ट्रंक परत पलंगाखाली सरकवली. "गुरुजीले अजून काई सांगितलं नाई मी," म्हणाला. त्याला माफी अशीच मागता येते.

पुढचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. सोमवारही गेला. म्हणजे सोमवार राहिला, त्यातला जीव गेला. भगर म्हणजे ओला भुसा. सुनेने लिंबू दिलं, जिऱ्याची पूड दिली, एरवीच्या भाजीला लसणाची फोडणी शिकवली. मी तिला म्हटलं, "मेल्यावर माणूस असंच जेवत असीन." कूलर घरघरत होता. किल्ली डुलत होती. बाहेर ढग येऊ लागले तेही मला गवताच्या उजेडावरूनच कळलं. परत ती कॅन आली. परत न्हाणीघर. परत पट्टा. एक तपासणी बरी आली, मग दुसरीही. किडनी मात्र होती तिथेच. "गेलेलं परत येत नाही, आई," सून म्हणाली. "उरलेलं राखायचं." तिने स्वतः खिळ्यावरची किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. दुसऱ्या हातात बीपीचं मशीन ठेवलं, जाल तिथे पिशवीत न्यायचं म्हणून. दोन्हीचं वजन सारखंच लागलं.

गाव गाठलं, कुलूप उघडलं, खिडक्या उघडल्या आणि पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. तो बाहेर सोडायच्या आत शेजारीण दारात. "बाई, तुमाले मीठ बंद हाय नं?" मग दुसरी. "पापड नोका मागू हं बाई, डॉक्टरीन बाईनं सांगितलं." दुकानदाराने सैंधव द्यायचं नाकारलं. मी मागितलं नव्हतं, नुसती त्या बरणीकडे पाहत होते. जावेने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. यवतमाळला माझ्यावर दोन माणसं लक्ष ठेवून होती. इथे अख्खं गाव.

आठवड्याने वरच्या आळीत साखरपुडा होता. वाढणारी मुलगी बाहेरगावची, तिला माझी कथा ठाऊक नव्हती. तिने माझ्या ताटात वरण वाढलं, वांग्याची भाजी वाढली, कडेला चिमूटभर मीठही ठेवलं. मी इकडेतिकडे पाहिलं. जाऊ आली नव्हती. कोणाचं लक्ष नव्हतं. किती दिवस मी या एका घासाची स्वप्नं पाहिली होती! भाजीत भाकर बुडवली, तोंडात घातली.

थू! नुसतं मीठ. गिळवेना. पाणी प्यायले, दुसरा घास घेऊन पाहिला. तोही तसाच. जीभसुद्धा फितूर झाली होती. उरलेलं ताट झाकून मी मागच्या दाराने निघाले.

जाऊ चुलीपुढे भाकर टाकत होती. हिच्याकडे जेवायचं असलं की मी पूर्वी पदराला मिठाची पुडी बांधून यायची. "तुह्या भाजीत काई जीव नाई," म्हणायची आणि तिच्यासमोर वरून मीठ घ्यायची. ती आपली भाकर टाकत राहायची.

"काहून व? साखरपुड्यात जेवण नव्हतं का?"

"होतं."

"मंग?"

"खारट होतं."

ती हसायला लागली. इतकी हसली की तव्यावरची भाकर करपली. मी तिचंच एक ताट घेऊन पाटावर बसले. "वाढ," म्हटलं. तिने उलथनं खाली ठेवलं, माझ्या पिशवीतून मशीन काढलं आणि पट्टा सोडवत माझ्यासमोर येऊन बसली.

"पहिले हात दे."

मी हात पुढे केला.